उत्तराचा मायना

अंधेरी स्थानकावरील इंडिकेटर कसा वाचावा, हे कोणी कोणाला शिकवीत नाही. जिन्यावरून धावत उतरणारा मनुष्य मान वर करतो आणि एका दृष्टिक्षेपात चार गोष्टी टिपतो : गाडी कोठवर जाणार, किती वाजता सुटणार, धीमी की जलद, आणि डबे बारा की पंधरा. या चारही गोष्टी चर्चगेटकडील बाजूला काय नि विरारकडील बाजूला काय, ठरलेल्या जागी व ठरलेल्या खुणांनीच येतात. समजा, प्रत्येक स्थानकाने आपापल्या आवडीने ही पाटी रंगविली असती. एकाने वेळ आधी लिहिली असती, दुसऱ्याने डब्यांची संख्या, आणि तिसऱ्याने ‘गाडी सुखरूप येत आहे’ असे गोड वाक्य लिहून आत कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रद्द’ असे टाकले असते! मग सकाळी साडेआठ वाजता फलाटावर काय गोंधळ उडाला असता, हे अंधेरीकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे; फक्त येथे गाडीच्या जागी संगणक आहे. एका संगणकाने विचारले आणि दुसऱ्याने उत्तर दिले, तर त्या उत्तराचा साचा सर्वत्र एक असावा की नसावा? कलाशाखेच्या वार्षिकांकात हा विषय पाहून काही प्राध्यापकांच्या कपाळास आठ्या पडतील, याची प्रस्तुत लेखकास कल्पना आहे. परंतु भाषा, पत्रव्यवहार, संकेत आणि त्यांचे अर्थ हे तर आपल्याच शाखेचे विषय होत. शिवाय या प्रश्नाकडे मी वळलो तो जिज्ञासेने नव्हे, खिशाला चाट बसल्यामुळे. ती हकीकत आधी सांगतो.

गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीचा अर्ज मी घरबसल्या भरीत होतो. संस्थेचे नाव येथे नको. शुल्क ५०० रुपये. फोनवरून पैसे भरले. बँकेचा संदेश आला की रक्कम वजा झाली. अर्जाच्या पडद्यावर मात्र आले : ‘काहीतरी चूक झाली. पुन्हा प्रयत्न करा.’ मी आज्ञाधारकपणे पुन्हा प्रयत्न केला, आणि नंतर आणखी एकदा. तिन्ही वेळा पैसे गेले, तिन्ही वेळा चूक झाली. शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली. रविवारी माझा मावसभाऊ घरी आला. तो सीप्झमध्ये एका कंपनीत संगणकाची कामे करतो. त्याने माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरची आतली खिडकी उघडली, ‘शुल्काची स्थिती पाहा’ हे बटण दाबले आणि हसू लागला.

“दादा, हसतोस काय? दीड हजार गेलेत माझे!” मी म्हणालो.

“अरे, हे बघ. पैसे घेणारा प्रोग्राम उत्तरात शून्य पाठवतोय. त्याच्या भाषेत शून्य म्हणजे एकही चूक नाही, सगळं ठीक. आणि अर्ज घेणारा प्रोग्राम शून्य वाचून म्हणतोय, शून्य म्हणजे नाही. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलतायत. मधे तू मेलास.”

दादाचे निदान थोडक्यात असे होते. ते ऐकल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

शून्याची ही भानगड काल्पनिक नव्हे. युनिक्स या संगणकप्रणालीत काम यशस्वी झाले की प्रोग्राम शून्य परत देतो. बँकांच्या कार्डव्यवहारांसाठी १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले आयएसओ ८५८३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातही ‘००’ म्हणजे मंजूर, ‘५१’ म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही, ‘५५’ म्हणजे गुप्त क्रमांक चुकला, आणि ‘९१’ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. उलट अनेक प्रोग्रामांच्या भाषांत शून्य म्हणजे असत्य आणि एक म्हणजे सत्य. तेव्हा नुसता आकडा पाठवून भागत नाही. तो आकडा कोणत्या कोशातला, हे दोन्ही बाजूंना आधी ठाऊक असावे लागते. भाषाशास्त्राच्या वर्गात आपण शिकतो की शब्द व अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते. संगणकाला ही गोष्ट मनुष्यापेक्षा अधिक झोंबते. कारण मनुष्य संदर्भावरून सावरून घेतो, यंत्र सावरून घेत नाही.

आता थोडी परिभाषा. मागणारा तो क्लायंट, देणारा तो सर्व्हर, आणि सर्व्हरने परक्या प्रोग्रामांसाठी उघडलेली खिडकी म्हणजे एपीआय. बँकेतल्या काउंटरसारखीच ही खिडकी असते; आत कोण बसला आहे, कपाटे कशी लावली आहेत, याच्याशी बाहेरच्याला कर्तव्य नाही. त्याने ठरलेली चिठ्ठी आत सरकवावी आणि ठरलेल्या नमुन्यातले उत्तर घ्यावे. चिठ्ठीच्या नमुन्याबद्दल बहुतेक लोक काळजी घेतात, कारण ती चुकली तर काम होतच नाही. उत्तराच्या नमुन्याबद्दल मात्र ‘चालतंय की’ अशी वृत्ती दिसते. सगळे ठीक असते तोवर ते चालतेही. खरी परीक्षा ‘नाही’ म्हणण्याची वेळ येते तेव्हा होते.

वेबचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या एचटीटीपीच्या पहिल्या रूपात उत्तराला कसलाही क्रमांक नव्हता. मागितलेले पान मिळे, किंवा चूक झाली असेल तर तीही एका पानावर माणसाने वाचावी अशा वाक्यात लिहून येई. मजकूर वाचल्याखेरीज यश आणि अपयश यांत फरक करण्याचा मार्गच नव्हता. ही उणीव पुढे दूर झाली. १९९६ च्या मे महिन्यात एचटीटीपी १.० चा दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर तीन अंकी क्रमांक आहे. आज सर्वांच्या तोंडी असलेला ४०४ त्यांपैकीच एक.

हे तीन अंक वेबच्या जनकांनी शून्यातून निर्माण केलेले नाहीत. फायली पाठविण्याच्या एफटीपी या जुन्या पद्धतीत १९७० च्या दशकातच तीन अंकी उत्तरे होती, आणि १९७४ मध्ये जॉन पोस्टेल यांनी त्यांची नीट व्यवस्था लावली : पहिल्या अंकावरून उत्तराचा वर्ग कळावा, पुढच्यांवरून तपशील. १९८२ च्या ईमेलच्या नियमांतही तीच रीत आली. तेथे ४ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने पुन्हा या. आणि ५ ने सुरू होणारे म्हणजे कायमचा नकार. वेबने अंक घेतले, पण अर्थ फिरविला. तेथे ४ म्हणजे मागणाऱ्याची चूक आणि ५ म्हणजे देणाऱ्याची. दोष कोणाचा, हा प्रश्न पुढे आला आणि ‘पुन्हा यावे की येऊ नये’ हा मागे पडला. माझ्या मते यात थोडे नुकसानच झाले. माझ्यासारख्या अर्जदाराला दोष कोणाचा याच्याशी फारसे देणेघेणे नसते. पुन्हा बटण दाबावे की दाबू नये, एवढेच त्याला हवे असते.

तरीही वर्गवारीची ती कल्पना मोठी चतुर आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सध्याच्या नियमांनुसार क्लायंटला एखादा क्रमांक अनोळखी वाटला, तर त्याने पहिला अंक पाहून त्या वर्गाच्या मूळ क्रमांकाप्रमाणे वागावे. ४७१ असा कधी न ऐकलेला क्रमांक आला तरी तो ४०० समजावा. म्हणजे कोशात नसलेला शब्दही धातूवरून उलगडावा, तशातला हा प्रकार. २०१६ मध्ये या यादीत ४५१ हा क्रमांक आला : कायदेशीर कारणांमुळे मजकूर दाखविता येत नाही. पुस्तके जाळणाऱ्या समाजावरील रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीवरून तो आकडा निवडला गेला. अभियंत्यांच्या रुक्ष यादीत वाङ्मयाचा असा संदर्भ सापडला, तेव्हा आपल्या शाखेचा मला क्षणभर अभिमान वाटला, हे कबूल करतो. असो.

एवढी सोय असूनही आजही असंख्य सर्व्हर प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर २०० म्हणजे ‘ठीक’ असे लिहितात आणि आत पोटात ‘अयशस्वी’ असे घालतात. माझ्या अर्जाच्या बाबतीत तेच होते. तीस-पस्तीस वर्षांनंतर १९९१ साली परत जाण्यासारखे हे आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही जाणकारांचे म्हणणे असे की, डोक्यावरचा क्रमांक हा टपालाचा शिक्का आहे. पत्र पोहोचले एवढेच तो सांगतो, पत्रात काय निर्णय आहे ते आत वाचावे. फेसबुकने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्राफक्यूएल या पद्धतीत एकाच मागणीत दहा गोष्टी मागता येतात. त्यांतल्या नऊ मिळाल्या आणि एक नाकारली गेली, तर डोक्यावर कोणता एक आकडा लिहावा? म्हणून तेथे बहुधा २०० देऊन चुका आत निराळ्या यादीत देतात. हा युक्तिवाद खोटा नाही. पण तेथे आतली यादी तरी ठरलेल्या नावाची व ठरलेल्या आकाराची असते. ज्यांनी आत किंवा बाहेर, कोठेच काही ठरविलेले नाही, त्यांनी या युक्तिवादाचा आडोसा घेऊ नये.

पत्राचा शिक्का आणि पत्राचा निर्णय हा भेद आपल्या कचेऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आवक खिडकीवरचा कारकून अर्जावर शिक्का मारतो आणि पोच देतो, याचा अर्थ अर्ज मंजूर झाला असा कोणी घेत नाही. वेबमध्ये २०२ हा क्रमांक तंतोतंत ही पोच आहे : मिळाले, काम अजून व्हायचे आहे.

या भेदावरच उभी असलेली, रोज आपल्या हाताखालून जाणारी यंत्रणा म्हणजे यूपीआय. ती चालविणारे भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ २००८ मध्ये स्थापन झाले. त्याचे कार्यालय आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते, २१ बँकांना घेऊन, यूपीआयचा प्रायोगिक आरंभ झाला. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात तिच्यावरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. सरकारी बँक, खाजगी बँक, सहकारी बँक, प्रत्येकीचे संगणक निराळे, प्रोग्राम निराळे, ते लिहिणारी माणसे निराळी. तरी अंधेरीच्या भाजीवाल्याचा खोका ‘वीस रुपये मिळाले’ असे ओरडतो, तो सर्वांनी एकच मायना पाळल्यामुळे.

या मायन्याचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. पैसे द्या, असा निरोप मध्यवर्ती यंत्रणेने एखाद्या बँकेला धाडला की ती बँक आधी नुसती पोच देते. मग आपले काम उरकून, स्वतंत्र निरोपाने, निकाल कळविते. प्रत्येक व्यवहाराला ३५ अक्षरांची एक ओळखखूण असते आणि ती सर्व निरोपांत जशीच्या तशी फिरते. त्यामुळे एकच निरोप दोनदा आला तरी तो दुसरा व्यवहार नसून पहिल्याचीच पुनरावृत्ती आहे हे ओळखता येते. निकाल सांगण्याचे शब्द ठरलेले आहेत आणि सोबत कारणाचा संकेतही : ‘००’ म्हणजे यश, ‘झेड९’ म्हणजे देणाऱ्याच्या खात्यात शिल्लक अपुरी, ‘झेडएम’ म्हणजे पिन चुकला, ‘यू३०’ म्हणजे खात्यातून रक्कम वजा होऊ शकली नाही. ‘००’ हे जुन्या कार्डव्यवहारांतलेच चिन्ह इकडे आले आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आले असेल.

परंतु या यादीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा शब्द यशाचा नाही नि अपयशाचा नाही. तो आहे ‘डीम्ड’. देणाऱ्याच्या खात्यातून पैसे वजा झाले, घेणाऱ्याच्या बँकेला निरोप गेला, आणि तिच्याकडून ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. पैसे जमा झाले असतील किंवा नसतीलही. अशा वेळी ‘झाले’ म्हणणे खोटे आणि ‘नाही झाले’ म्हणणे त्याहून घातक. कारण ‘नाही झाले’ ऐकले की मनुष्य पुन्हा पैसे भरतो. ‘अजून ठाऊक नाही, शोध चालू आहे, तोवर थांबा’ असे प्रामाणिकपणे सांगणारा तिसरा शब्द भाषेत असावाच लागतो. ज्या एपीआयच्या उत्तरात केवळ हो आणि नाही यांनाच जागा आहे, तेथे हे अज्ञान कोठेतरी दडपले जाते आणि त्याची किंमत गिऱ्हाईक मोजतो.

शब्द ठरला म्हणूनच त्यावर कायदा बांधता आला. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार यूपीआयने एखाद्याला पैसे पाठविताना खात्यातून वजा झाले पण समोरच्याला जमा झाले नाहीत, तर व्यवहारानंतर एका दिवसाच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला देताना पैसे गेले आणि त्याला पुष्टी मिळाली नाही, तर पाच दिवसांच्या आत. त्यापुढे होणाऱ्या विलंबाला दररोज १०० रुपये भरपाई. प्रत्येक बँकेने ‘तांत्रिक अडचण’ एवढेच मोघम उत्तर दिले असते, तर कोणती अडचण कोणत्या नियमात बसते याचा निवाडा कोणी आणि कसा केला असता?

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यात नवे काही वाटणार नाही. मोडी कागदपत्रे वाचताना आपण प्रथम मायना पाहतो. कोणी कोणाला लिहिले, त्यांची पायरी काय, हे मायन्यावरून कळते. मग ‘विनंती उपरी’ किंवा तत्सम शब्दांनंतर मूळ मजकूर सुरू होतो. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब असते. ती केवळ शोभेची नव्हे. येथे मजकूर संपला, यापुढे कोणी दोन ओळी घुसडल्या तर त्या पत्राच्या नव्हेत, असा तिचा अर्थ. वेबच्या उत्तराच्या मथळ्यातही मजकुराची लांबी लिहिण्याची सोय आहे. तितके भरले नाही तर उत्तर वाटेत तुटले असे समजतात. मोर्तबीचेच हे काम आकड्याने केले, इतकाच फरक.

आता नकाराचे पत्र कसे लिहावे, याचाही नमुना उपलब्ध आहे. २०१६ च्या मार्चमध्ये प्रथम आणि सुधारून २०२३ च्या जुलैमध्ये इंटरनेटच्या मानकमंडळाने तो प्रसिद्ध केला. त्यात पाच रकाने सुचविलेले आहेत. चुकीचा प्रकार, ही एक कायम ओळखखूण. शीर्षक, म्हणजे त्या प्रकाराचे छोटे नाव. स्थिती, म्हणजे तोच तीन अंकी क्रमांक. तपशील, म्हणजे या खेपेला नेमके काय बिघडले. आणि प्रसंग, म्हणजे या विशिष्ट घटनेचा संदर्भ, जो तक्रार करताना सांगता येईल. माझ्या अर्जाचे उत्तर या नमुन्यात आले असते, तर ते काहीसे असे दिसले असते : ‘प्रकार : शुल्क-निश्चिती-प्रलंबित. शीर्षक : शुल्काची खात्री बाकी आहे. स्थिती : ५०३. तपशील : रु. ५०० वजा झाल्याची नोंद दिसते. पुन्हा भरू नये. दहा मिनिटांनी स्थिती पाहावी. प्रसंग : अमुक क्रमांक.’ एवढ्या पाच ओळींनी माझे हजार रुपये आणि आईची बोलणी वाचली असती.

या नमुन्यात मराठीच्या दृष्टीने एक फार मोलाची गोष्ट आहे, तिकडे आपल्या भाषाप्रेमी मंडळींचे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रकाराची खूण यंत्रासाठी आहे, ती बदलत नाही. शीर्षक व तपशील माणसासाठी आहेत आणि ते वाचकाच्या भाषेत देता येतात. क्लायंट आपल्या मागणीच्या मथळ्यात ‘मराठी हवे’ असे सांगू शकतो. म्हणजे खूण एक, वाक्य मराठीत, गुजरातीत, हिंदीत. याउलट जेथे प्रोग्राम इंग्रजी वाक्यावरूनच यश की अपयश ते ओळखतात, तेथे त्या वाक्याचे मराठी करताच सारा डोलारा कोसळतो. म्हणून कोणी मराठी करू धजत नाही. मराठीतून व्यवहार व्हावा अशी मागणी आपण सभांतून करतो. ती पुरी होण्याआधी खूण आणि वाक्य ही निराळी करावी लागतात, ही गोष्ट कोठे तरी नोंदवून ठेवावी म्हणून येथे लिहिली.

तारखा व रकमा यांबद्दल थोडक्यात. ०५/०६ ही आपल्याकडे पाच जून, अमेरिकेत सहा मे. म्हणून उत्तरात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे वेळ आणि भारतीय वेळेचा ‘+०५:३०’ हा फरक लिहावा, असे १९८८ चे आयएसओ ८६०१ हे मानक सांगते. रक्कम रुपयांत की पैशांत, हे न ठरविल्यास ५०० चे पाच होतात किंवा पन्नास हजार. लाखाचा स्वल्पविराम कोठे द्यायचा, हा पडद्यावरचा प्रश्न. उत्तरात स्वल्पविराम नकोच.

दादाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी चकित झालो. नमुना ठरविणे एका दुपारचे काम, तो बदलणे वर्षांचे. एकदा शेकडो प्रोग्राम तुमच्या उत्तरावर अवलंबून राहिले की रकान्याचे चुकलेले नावही दुरुस्त करता येत नाही. वेबमध्येच ४०१ या क्रमांकाचे अधिकृत नाव ‘अनधिकृत’ असे आहे. त्याचा खरा अर्थ मात्र ‘आपण कोण, हे आधी सिद्ध करा’ असा. ओळख पटूनही परवानगी नसेल, तर ४०३. नाव फसवे आहे हे सर्वांस मान्य असूनही इतक्या वर्षांत ते कोणी बदललेले नाही. दादाच्या कंपनीत म्हणे एका रकान्याच्या नावात स्पेलिंगची चूक आहे, आणि नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ती चूक पाठ करावी लागते.

माझ्या अर्जाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. सोमवारी सकाळी बँकेच्या तिन्ही संदेशांच्या छापील प्रती घेऊन मी त्या कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पडदा पाहिला, प्रती पाहिल्या, उसासा टाकला आणि कागदी अर्जावर शिक्का मारून आवक क्रमांक लिहून दिला. अर्ज मुदतीत धरला गेला. जादा गेलेले पैसे बाविसाव्या दिवशी परत आले. पण ५०० च्या दोन नोंदी न येता १,००० ची एकच नोंद आली, आणि तिच्यासोबत कसलाही संदर्भक्रमांक नव्हता. तीनपैकी कोणता भरणा शुल्क म्हणून धरला आणि कोणते दोन परत केले, हे मला अद्याप कळलेले नाही.